एटीआरचे कॅप्टन छोट्या कंपन्यांत टिकत का नाहीत?

माणगंगा (धागाकर्ता):
सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, हातात घेऊन घरी बसलेली कितीतरी मुलं आज देशात आहेत. पन्नास लाखांच्या वर खर्च झालाय, दोनशे तास उडून झालंय, डोक्यावर कर्ज आहे आणि नोकरी नाही. त्याच देशात सत्तर आसनांचं एटीआर हे पंख्याचं विमान चालवणारी छोटी कंपनी कॅप्टन शोधत फिरते. म्हणजे तुटवडा आहे तो डाव्या खुर्चीतल्या अनुभवी माणसाचा, कॅप्टनचा, आणि तो माणूस बहुतेक वेळा छोट्या कंपनीतच घडतो.

कॅप्टन व्हायला जो वरचा परवाना लागतो, त्या एटीपीएलला १५०० तास लागतात. महिन्याला साठ तास धरले तरी दोनशेवरून तिथवर जायला दोनेक वर्षं जातात. पुढे कमांडचं, म्हणजे कॅप्टनपदाचं प्रशिक्षण, तपासण्या. एवढं सगळं छोट्या कंपनीने निभावलं की मोठी कंपनी एअरबस आणि जाड पगार घेऊन दारात हजर. शिकवणारे कॅप्टनही त्यात जातात, मग मागची रांग तिथेच अडते.

माझ्या दोन मागण्या आहेत. छोटी शहरं विमानाने जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेतल्या मार्गांना तोटा भरून काढायला जो निधी मिळतो, तो ठरवताना कॅप्टनचा बाजारभावाने पगार खर्चात धरा. आणि मोठ्या कंपनीने छोट्या कंपनीचा कॅप्टन घेतला तर प्रशिक्षणाची भरपाई त्या मोठ्या कंपनीने द्यावी, वैमानिकाने नाही. कॅगच्या २०२३ च्या अहवालात आहे: योजनेच्या पहिल्या टप्प्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी सवलतीची तीन वर्षं पूर्ण केली ती ११२ मार्गांनी. चालवणारी माणसं कुठून आणायची याचा विचार न करता मार्ग वाटत सुटलो तर दुसरं काय होणार?

हिशेबनीस:
कॅगचे आकडे बरोबर आहेत, पण त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. अनेक ठिकाणी विमानतळच वेळेत तयार झाले नाहीत, हे त्याच अहवालात आहे. तिथे कॅप्टन असता तरी उतरला कुठे असता?

आता पैशाचं बघा. कॅप्टनचा पगार एअरबसमध्ये १८० तिकिटांवर वाटला जातो, एटीआरमध्ये ७० तिकिटांवर. त्यात उडानच्या साधारण निम्म्या आसनांच्या भाड्याला मर्यादा. योजना आली तेव्हा तासाभराच्या प्रवासाला ती २५०० रुपये होती. कंपनी विमान भाड्याने घेते, ते भाडं डॉलरमध्ये. अशा कंपनीने इंडिगोइतका पगार द्यायचा कुठून? तुम्ही म्हणता निधीतून. तो निधी मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार लावून उभा राहतो आणि राज्य सरकार २० टक्के घालतं. ज्या तालुक्यात एसटी वेळेवर येत नाही, तिथल्या माणसाच्या करातून वैमानिकाचा पगार वाढवायला माझा साफ विरोध आहे.

कुडाळचा प्रवासी:
आमचा सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. मुंबईला अलायन्स एअरचं विमान होतं. पावसात दिसेनासं झालं की फेरी रद्द, तरी लोक तिकिटं काढत होते. उडानची तीन वर्षं सरली आणि ती सेवा बंद पडली. वैमानिक कमी की पैसे कमी, हे प्रवाशाला कुणी सांगत नाही. आम्हाला एवढंच कळतं की गणपतीला येणाऱ्या माणसाने परतीचं तिकीट विमानाचं काढावं की कोकणकन्येचं, याची खात्री राहिली नाही. हिशेबनीस, करदात्याचा पैसा धावपट्टीवर आधीच ओतलाय. विमानच येत नसेल तर तोही वाया गेला ना?

उजवी खुर्ची:
मी एटीआरवर को-पायलट आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही.

महिन्याच्या पगाराचा आकडा सगळे बोलतात, तो मोजला कसा जातो हे कुणी बघत नाही. माझ्या पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर आहे, चाकांना अडवणारे ठोकळे (चोक्स) निघाल्यापासून परत लागेपर्यंत. आमचे सेक्टर, म्हणजे एकेक उड्डाण, पन्नास मिनिटांचे. उतरलो की अर्धा तास जमिनीवर, मग पुन्हा पन्नास मिनिटं. असे चार सेक्टर, आधीची तयारी आणि मधला खोळंबा धरला की ड्युटी आठ तासांच्या आसपास भरते आणि पैसे मिळतात साडेतीन तासांचे. एअरबसवरचा माझा बॅचमेट मुंबई-गुवाहाटी जाऊन येतो, तेवढ्याच ड्युटीत त्याचे तास जवळपास दुप्पट होतात. टेकऑफ-लँडिंग माझे जास्त, धावपट्ट्या माझ्या आखूड, हवामान माझ्या वाट्याला जास्त वाईट. दमतो मी जास्त, मिळतं कमी.

पण माणगंगा, तुमची भरपाईची कल्पना आम्हालाच बुडवेल. माझ्यामागे पैसे मोजावे लागणार असतील तर मोठी कंपनी ते बाँड, म्हणजे नोकरी सोडल्यास पैसे भरण्याचा करार, करून माझ्याकडूनच वसूल करेल, नाहीतर मला घेणारच नाही. डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या २०१७ च्या नियमाने नोकरी सोडताना कॅप्टनला एक वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. अजून किती बांधून ठेवणार?

हिशेबनीस:
या नोटीशीच्या बाजूनेही बोललं पाहिजे. २०२३ मध्ये अकासा एअरचे ४३ वैमानिक नोटीस पूर्ण न करता गेले, कंपनीला फेऱ्या रद्द कराव्या लागल्या आणि प्रकरण कोर्टात गेलं. अकासाकडे निदान ताफा मोठा होता. मोजक्या विमानांच्या कंपनीतून एका महिन्यात पाच कॅप्टन उठून गेले तर चार गावांची सेवा थांबते.

डॅलसकर:
इथे अमेरिकेत हा वाद पंधरा वर्षांपूर्वीच पेटला. १२ फेब्रुवारी २००९ ला कोलगन एअरचं विमान बफेलोजवळ कोसळलं, ५० जण गेले. चौकशीत को-पायलटचा तुटपुंजा पगार आणि आदल्या रात्री देश ओलांडून कामावर येणं, दोन्ही चव्हाट्यावर आलं. काँग्रेसने २०१० मध्ये कायदा केला आणि २०१३ पासून को-पायलटलाही सर्वसाधारणपणे १५०० तास लागू लागले.

पगार मात्र तेव्हा फारसा हलला नाही. तो हलला २०२२ मध्ये. मार्चमध्ये स्कायवेस्टने वैमानिक नाहीत म्हणून २९ छोट्या शहरांची अनुदानित सेवा सोडण्याची नोटीस दिली. जूनमध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या प्रादेशिक कंपन्यांनी नव्या को-पायलटचा दर तासाला ९० डॉलर केला, बाकीच्यांनाही मागोमाग जावं लागलं. गावांची सेवा जायला लागली तेव्हा कुठे तिजोरी उघडली. आपल्याकडे तोवर थांबायची गरज नाही.

हिशेबनीस:
पण पगार वाढल्यावर ५० आसनी विमानं चालवणं परवडेना, ती मोठ्या संख्येने वापराविना उभी राहिली, हेही लिहा ना. वैमानिक सुखी झाला, गावाचं विमान गेलं. मला याचीच भीती वाटते.

गोदाकाठ:
डिसेंबर २०२५ आठवा. नव्या नियमांनी वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास केली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आणली. इंडिगोकडे पुरेसे वैमानिक हाताशी नव्हते आणि हजारो फेऱ्या रद्द झाल्या. डीजीसीएने कंपनीला तात्पुरती सूट दिली. देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीची ही गत, तर छोट्यांची काय असेल? इंडिगोकडेही एटीआर आहेत, पण तिथल्या को-पायलटला त्याच कंपनीत एअरबसचा जिना आहे. फ्लाय९१सारख्या फक्त एटीआर असलेल्या कंपनीत तो जिनाच नाही. पगार कितीही वाढवा, पुढची पायरी दिसली नाही तर माणूस जाणारच.

माणगंगा:
उजवी खुर्ची, भरपाई एकेका माणसामागे लावा असा माझा हट्ट नाही. प्रत्येक मोठ्या कंपनीने आपल्याकडच्या कॅप्टनांच्या संख्येप्रमाणे ठरावीक रक्कम एका निधीत भरावी आणि त्यातून छोट्या कंपन्यांच्या प्रशिक्षक कॅप्टनांचे पगार व्हावेत. मग कुणाला घेतल्याचा भुर्दंड कुणाला बसत नाही आणि तुमच्यावर बाँड येत नाही. हिशेबनीस, यात करदात्याचा रुपया नाही. तयार माणसं वापरणाऱ्याने ती घडवण्याचा खर्च उचलावा, एवढंच मागतोय.

हिशेबनीस:
मोठ्या कंपन्या ती रक्कम तिकिटावर टाकतील. तरीही अनुदानापेक्षा हे मला बरं वाटतं, कारण विमानाचा खर्च विमानाने जाणाराच उचलतो. पण उजवी खुर्ची, थेट विचारतो. किती पगारात तुम्ही थांबाल?

उजवी खुर्ची:
एअरबसइतका मागणार नाही. पैसे उड्डाणाच्या तासांऐवजी ड्युटीच्या तासांवर द्या. १५०० तास झाल्यावर कमांडचं प्रशिक्षण किती महिन्यांत सुरू होईल ते लेखी द्या. आणि महिन्यातल्या निम्म्या रात्री तरी स्वतःच्या गावात काढता येतील असं रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) लावा. हे तिन्ही मिळालं तर पाच वर्षं थांबायला मी तयार आहे, आणि माझ्यासारखे आणखीही आहेत. आत्ता यातलं एकही मिळत नाही, म्हणून एअरबसच्या मुलाखतीला अर्ज केलाय.