बॉट-संसर्गाचा संदेश आला, पण संगणक स्वच्छ दिसतो: शोध कुठे घ्यावा?

सायंतारा
गेल्या आठवड्यात इंटरनेट सेवादात्याकडून संदेश आला की, आमच्या जोडणीवरील एखादे उपकरण बॉटने (बाहेरून आज्ञा घेऊन काम करणाऱ्या छुप्या आज्ञावलीने) बाधित झालेले दिसते आणि सायबर स्वच्छता केंद्राच्या मोफत साधनाने ते तपासून घ्यावे. घरातला विंडोजचा संगणक अँटिव्हायरसने पूर्ण तपासला, तरी काहीही सापडले नाही. तो मंदावलेलाही नाही. हा संदेश बनावट असावा का? आणि खरा असेल, तर ज्या संगणकावर मुलीचा अभ्यास आणि घरचे हिशेब यांपलीकडे काही नाही, तो ताब्यात घेऊन कोणाला काय मिळणार? राउटरला याखेरीज दोन मोबाइल, टीव्हीचा अँड्रॉइड बॉक्स आणि सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारा डीव्हीआर जोडलेला आहे.

गोदातीर
संदेश खरा असू शकतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेने हे केंद्र फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केले आणि बाधित आयपी पत्त्यांची (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकांची) माहिती सेवादात्यांमार्फत ग्राहकांपर्यंत पोहोचवणे हे त्याचे कामच आहे. मात्र अशा संदेशांची नक्कलही सहज करता येते. म्हणून त्यातील दुव्यावर टिचकी न मारता 'सीएसके डॉट जीओव्ही डॉट इन' हा पत्ता स्वतः टाइप करावा.

आता मुख्य मुद्दा. बॉट ज्या सर्व्हरकडून आज्ञा घेतात, त्याचे इंटरनेटवरील नाव तपासयंत्रणा अनेकदा आपल्या ताब्यात घेतात आणि तिथे कोणकोणत्या पत्त्यांवरून विचारणा होते याची नोंद ठेवतात. ही नोंद बाहेरून होत असल्यामुळे तिच्यात दिसतो तो राउटरचा पत्ता. त्यामागचे नेमके कोणते उपकरण बोलत होते, हे तिच्यावरून कळत नाही. शिवाय काही सेवादाते एकच पत्ता अनेक घरांत वाटून देतात, त्यामुळे संसर्ग शेजारच्या घरातलाही असू शकतो. तेव्हा एकटा संगणक स्वच्छ निघाला म्हणून निश्चिंत होता येणार नाही. आपण दिलेल्या यादीत मला सर्वांत जास्त संशय डीव्हीआर आणि टीव्ही बॉक्सचा येतो.

कोणाला काय मिळते, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. त्यांना आपले हिशेब नको असतात, आपली जोडणी आणि आपला पत्ता हवा असतो. २०१६ मधील 'मिराई' या बॉट-आज्ञावलीने कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर यांवर कारखान्यातून आलेल्या सुमारे साठ ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या लावून पाहिल्या, आणि एवढ्यावर काही लाख उपकरणे तिच्या हाती लागली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांनी संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या 'डाइन' या कंपनीवर एकाच वेळी मारा केला, तेव्हा ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत अनेकांसाठी काही तास बंद पडल्या. ज्यांच्या घरातून हा मारा होत होता, त्यांचा कॅमेरा चित्रण नेहमीसारखेच करत होता.

पिंपळपान
वरील उत्तराला एक पुरवणी. मे २०२४ मध्ये अमेरिकेने '९११ एस५' हे बाधित संगणकांचे जाळे बंद पाडले. त्यात १ कोटी ९० लाखांहून अधिक आयपी पत्ते होते आणि तिथे मुख्यतः घरगुती विंडोज संगणकच सापडले होते. 'मास्कव्हीपीएन', 'ड्यूव्हीपीएन' अशी मोफत व्हीपीएन (आपला आयपी पत्ता झाकणारी ॲप) लोकांनी स्वतःहून बसवली होती. त्यांच्याआडून त्यांचा पत्ता गुन्हेगारांना भाड्याने दिला जात होता. फसवणूक तिसऱ्याने केली तरी नोंद आपल्या घरच्या पत्त्याची होते. संगणकावर कोणतेही मोफत व्हीपीएन असल्यास ते प्रथम काढावे.

सायंतारा
मनःपूर्वक आभार. व्हीपीएन नाही. राउटरच्या पानावर मात्र 'पोर्ट फॉरवर्डिंग'मध्ये डीव्हीआरसाठी दोन पोर्ट (बाहेरून आत येण्याचे मार्ग) उघडे दिसले. डीव्हीआरमध्ये 'ॲडमिन' हे खाते कारखान्यातल्याच पासवर्डाने चालू आहे. बसवून देणाऱ्या माणसाने मोबाइलवर चित्र दिसावे म्हणून ही सोय केली होती. आता काय करावे?

गोदातीर
दोन्ही पोर्ट बंद करावेत आणि राउटरमधील 'यूपीएनपी'ही बंद करावे, नाहीतर उपकरण स्वतःच ते पुन्हा उघडून घेऊ शकते. मग राउटरची तार काढून डीव्हीआर बंद-चालू करावा आणि पासवर्ड बदलल्यावरच तार परत लावावी. हा क्रम चुकवू नये: मिराई केवळ स्मृतीत राहत असल्याने बंद-चालू केल्यावर पुसली जाते, पण जुन्या पासवर्डाने उघडे असलेले उपकरण काही मिनिटांत पुन्हा बाधित होते. राउटरचा पासवर्डही बदलावा. डीव्हीआरला नवे फर्मवेअर (त्याची मूळ आज्ञावली) मिळत नसेल, तर तो इंटरनेटपासून तोडून घरातल्या घरातच वापरावा.

कृष्णाकाठ
हे सारे ग्राहकाच्या माथी मारणे मला अन्याय्य वाटते. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या हजारो मोडेमना मालवेअरने (घातक आज्ञावलीने) ग्रासले, तेव्हाही मूळ कारण न बदललेला पासवर्ड हेच होते, आणि तो बदलायचा असतो हे घरोघरच्या माणसांना कोणी सांगितले होते? ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सर्व नगांना एकच सोपा पासवर्ड देऊन उपकरणे विकण्यास कायद्याने मनाई केली आहे आणि सुरक्षा अद्यतने किती काळ मिळतील हे सांगणेही उत्पादकावर बंधनकारक केले आहे. आपल्याकडे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाचाचणीची अट आली आहे, पण घरातले राउटर आणि टीव्ही बॉक्स यांनाही तितकीच कठोर अट हवी.

आपला टीव्ही बॉक्स अनोळखी नावाचा असेल, तर फॅक्टरी रीसेटवर विसंबू नका. जून २०२५ मध्ये एफबीआयने 'बॅडबॉक्स २.०' या बाधित उपकरणांच्या जाळ्याबद्दल इशारा दिला, त्यातील काही बॉक्सांत मालवेअर विक्रीपूर्वीच बसवलेले होते. असा बॉक्स राउटरपासून कायमचा तोडावा आणि त्यानंतरही संदेश येतो का, ते इथे जरूर कळवावे.