मदत हवी आहे: जुन्या फार्गो ट्रकचे पॉईंट लगेच जळतात, गरम झाल्यावर गाडी मिसिंग करते

नमस्कार. आमच्याकडे १९५४ सालची पेट्रोलवरची फार्गो आहे, सहा सिलिंडरची, वाल्व्ह बाजूला असलेली, म्हणजे फ्लॅटहेड. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात जोडलेली. (तो कारखाना वालचंद हिराचंद यांचा. आमच्या सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला त्यांचेच नाव आहे, म्हणून आजोबांना या गाडीचे जास्तच कौतुक होते.) सांगलीच्या मार्केट यार्डातून हळदीची पोती भरून ते याच गाडीने मुंबईला जायचे. ते गेल्यापासून गाडी शेडमध्ये उभी होती. मला ती चालू करायची आहे आणि मुळात होती तशीच, पॉईंटवर (स्पार्कसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) चालवायची आहे.

शेतातल्या मोटारींची वायरिंग, स्टार्टर वगैरे मी स्वतः करते, पण इंजिनात हात पहिल्यांदाच घालते आहे. टाकी आणि कार्बोरेटर गावातल्या फिटरकडून साफ करून घेतले, पेट्रोल आता नीट येते. प्लग नवीन टाकले. अडचण करंटची आहे.

थंड असताना गाडी एका सेल्फमध्ये चालू होते आणि आयडलिंगला छान राहते. पंधरा-वीस मिनिटे चालली की मिसिंग सुरू होते. रस्ता सपाट असेल तर कशीबशी रेटते, पण भोसे गावाहून दंडोबाकडे चढायला लागलं की दम तोडते आणि कार्बोरेटरमधून फटफट करते. थांबवून बॉनेट उघडले तर कॉईलला हात लावता येत नाही इतकी तापलेली असते. पॉईंट नवे टाकले होते, दोनच आठवड्यांत निळे-काळे पडले. पॉलिश पेपर मारला की पुन्हा दोन-तीन दिवस बरे जाते.

डेल्कोची (प्लगांना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) कॅप काढून हँडलने इंजिन हळूहळू फिरवले आणि पॉईंट पूर्ण उघडतील तिथे फिलर गेजने गॅप २० थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, लावला. मग सहज म्हणून पॉईंट उघडणाऱ्या कॅमच्या सहाही उंचवट्यांवर मोजत गेले, तर दोन ठिकाणी २०, पुढे १८, १४, १४ आणि १७! सगळीकडे सारखा यायला हवा ना?

टायमिंगचेही (स्पार्क नेमका कधी पडावा त्याचे) अडले आहे. पुलीवरची खूण गंजून गेली आहे. सहाव्या सिलिंडरवर एक छोटा बोल्ट आहे, तो काढून आत सरळ तार धरली तर पिस्टन वर येताना कळतो. पण वर आल्यावर तार थोडा वेळ हलतच नाही, हँडल मात्र फिरत राहते. मग नेमका कुठला क्षण धरायचा?

एक राहिले. गाडी मुळात ६ व्होल्टची, पॉझिटिव्ह अर्थिंगची होती असे बाबा सांगतात. मध्ये कुणीतरी १२ व्होल्ट करून ठेवली. आता बॅटरीचे मायनस बॉडीला आहे.

प्रतिसाद:
ताई, स्पष्ट सांगतो, डिझेल इंजिन बसवून टाका. त्या काळातल्या कितीतरी फार्गोंना पुढे पर्किन्स बसले आणि ती वर्षानुवर्षे धावली. पेट्रोलचा खर्च परवडणार नाही.

धागाकर्ती:
खर्चाचे खरे आहे दादा, पण मला या गाडीवर धंदा करायचा नाही. बाबा लहानपणी ज्या इंजिनाचा आवाज ऐकून आजोबा आले हे ओळखायचे, तो आवाज त्यांना पुन्हा ऐकवायचा आहे. डिझेल नको.

प्रतिसाद:
ताई, मी कराडचा. बरीच वर्षे पेट्रोल गाड्यांवर काम केले आहे. तुम्ही सहाही ठिकाणी गॅप मोजलात, तिथेच निम्मे निदान झाले.

आधी कॉईल. चावी बंद ठेवून, वायरी काढून तिच्या दोन बारीक टर्मिनलमध्ये मल्टिमीटरने ओहम मोजा. दीड-दोनच्या आत आले तर ती जुनी ६ व्होल्टचीच कॉईल आहे आणि तिला १२ व्होल्ट देताय. पॉईंट मिटले की कॉईलमधून करंट वाहतो आणि आत चुंबक तयार होतो; पॉईंट उघडले की तो चुंबक एकदम कोसळतो आणि त्या कोसळण्यातून प्लगला हजारो व्होल्ट जातात. म्हणजे स्पार्क पडतो तो पॉईंट उघडताना. तो सगळा करंट तुमचे पॉईंट तोडतात. तीन ओहमची कॉईल असेल तर १२ व्होल्टला चार अँपिअर जातात, तेवढे पॉईंट सोसतात. दीड ओहमला आठ जातात. म्हणून कॉईल तापते, पॉईंट निळे पडतात आणि गरम झाल्यावर स्पार्क मरतो. १२ व्होल्टची तीन ओहमची कॉईल घाला, किंवा आहे तिच्या आधी करंट कमी करणारा दीड ओहमचा बॅलास्ट रेझिस्टर लावा. कंडेन्सरही नवा घ्या, तो खराब असला तर पॉईंटवरच ठिणगी उडते.

अर्थिंग बदलले तेव्हा कॉईलच्या वायरी बदलल्या का हेही बघा. आता मायनस बॉडीला आहे, तेव्हा कॉईलचे प्लस चावीकडे आणि मायनस पॉईंटकडे हवे. उलट असले तरी गाडी चालते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण प्लगवर स्पार्क उडायला जास्त व्होल्टेज लागते आणि चढावर तेच कमी पडते.

आता गॅप. २० आणि १४ असा फरक म्हणजे डेल्कोच्या शाफ्टचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) खाल्लाय. रोटर (शाफ्टवरचा, करंट वाटणारा फिरता तुकडा) काढून शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा, डुगडुगला तर खात्रीच. गॅप जास्त झाला की पॉईंट लवकर उघडतात, कमी झाला की उशिरा. म्हणजे तुमच्या सहा सिलिंडरांना सहा वेगळी टायमिंग मिळताहेत. हे दुरुस्त केल्याशिवाय टायमिंग लावण्यात अर्थ नाही. चांगल्या लेथवाल्याकडून गनमेटलचा बुश करून घ्या. डेल्को काढण्याआधी रोटर कुठे तोंड करून आहे त्याची बॉडीवर खूण करा, आणि बाहेर असताना हँडल मारू नका.

तारेचे उत्तर सोपे आहे. वरच्या टोकाला पिस्टन क्षणभर रेंगाळतो, म्हणून तो क्षण शोधूच नका. पिस्टन टोकाच्या थोडा खाली असताना तारेवर खूण करा आणि पुलीवर एक रेघ मारा. हँडल पुढे फिरवत राहा. पिस्टन टोक गाठून परत त्याच खुणेवर उतरला की पुलीवर दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोबर मध्ये टॉप. सहावा वर असतो तेव्हा पहिलाही वर असतो. दोघांपैकी स्पार्क कुणाला जाणार हे रोटर सांगतो. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४.

मग बल्ब. १२ व्होल्टचा छोटा बल्ब कॉईलच्या पॉईंटकडच्या टर्मिनलपासून बॉडीला लावा, कॉईलची मधली जाड वायर बॉडीला टेकवा, चावी चालू करा. पॉईंट मिटलेले असताना बल्ब विझतो, उघडताच पेटतो. इंजिन पुलीवरच्या टॉपच्या खुणेवर ठेवून डेल्कोची बॉडी रोटरच्या दिशेने फिरवून बल्ब विझवा, मग उलट हळूहळू आणा. पेटला त्या जागी घट्ट करा. इंजिन खुणेपुढे गेले तर बरेच मागे घेऊन पुन्हा पुढेच आणायचे, नाहीतर गिअरमधला ढिलेपणा मोजमापात येतो. काम झाले की चावी लगेच बंद. पॉईंट मिटलेल्या जागी चावी चालू राहिली तर कॉईल जळते. आणि कार्बोरेटर उघडा असताना जवळपास स्पार्क पाडून बघू नका.

धागाकर्ती:
काका, तीन आठवड्यांनी लिहिते आहे. कॉईल १.४ ओहम निघाली. वायरीही उलट्याच होत्या! तीन ओहमची कॉईल आणि नवा कंडेन्सर घातला. शाफ्ट तुम्ही म्हणालात तसाच डुगडुगत होता; मिरजेत लेथवर बुश करून घेतला. आता सहाही ठिकाणी १९ ते २० थाऊ येतो.

डेल्को उघडलाच होता म्हणून आतली वजनेही बघितली. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि स्पार्क पुढे नेतात, एवढे वाचले होते. रोटर बोटाने फिरवून सोडला तर तो परत यायला हवा, आमचा जागेवरच राहायचा. आतले ग्रीस वाळून डिंकासारखे झाले होते. रॉकेलने धुऊन हलके तेल दिल्यावर स्प्रिंग लगेच ओढून घेते.

दोन रेघांची युक्ती पहिल्याच प्रयत्नात जमली. बल्ब पेटला तेव्हा बाबा शेजारी उभे होते, त्यांनीच बोल्ट आवळला. काल दंडोबाच्या चढावर गाडी घेऊन गेलो. वर पोचेपर्यंत एकदाही मिसिंग नाही, आणि उतरल्यावर कॉईलवर हात ठेवला तर ठेवता आला.

आता एकच विचारायचे आहे. पॉईंटची टाच जिथे कॅमवर घासते तिथे ग्रीस किती लावायचे? जास्त लावले तर पॉईंटवर उडते हे कळले, पण कोरडेही ठेवायचे नाही ना?

प्रतिसाद:
तांदळाच्या दाण्याएवढे, ताई. बोटाने कॅमवर सगळीकडे पातळ पसरवा. टाच झिजली की गॅप कमी होत जातो, म्हणून पहिल्या हजार किलोमीटरनंतर एकदा फिलर गेज घालून बघा, आणि गॅप बदललात तर बल्ब लावून टायमिंगही पुन्हा.