गडचिरोलीतील वजनकाटा
विज्ञानाची फळे शहरांपुरतीच राहतात, म्हणून मानवजातीच्या भविष्याविषयी खेड्यांनी आशा धरू नये, हे म्हणणे मला मान्य नाही. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवले; तेव्हा हजार जन्मांमागे सुमारे ६२ असलेले नवजात मृत्यू १९९८ पर्यंत सुमारे २५ वर आले. साधने साधीच होती. खरे विज्ञान होते ते काटेकोर नोंदीत, कारण प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू मोजला गेला, तुलनेसाठी निवडलेल्या गावांतलाही.

माझ्या नातीच्या जन्मानंतर गावातली आरोग्य कार्यकर्ती, आशाताई, आमच्या दारी आली, तिने झोळीत बाळाचे वजन केले आणि आकडा वहीत लिहिला. माझ्या आजीच्या गेलेल्या लेकरांची नोंद मात्र कुठेही नाही.