एरिक कोट्सच्या ७८च्या तबकड्या : ही लय त्याची, की तबकडीच्या मर्यादेची?

सुईवाला
इंग्रजी लाइट म्युझिकमध्ये (वाद्यवृंदाचं हलकंफुलकं संगीत) एरिक कोट्सचं (१८८६–१९५७) नाव मोठं. शिवाय आपल्या बऱ्याचशा रचना त्याने स्वतः कंडक्ट करून मुद्रित केल्या. ‘लंडन सूट’ या रचनामालेतला (१९३३) ‘नाइट्सब्रिज’ मार्च (संचलनाची धून) त्याच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या) तबकडीवर ऐका आणि मग अलीकडचं कुठलंही मुद्रण लावा. तो पळवतो, आजचे बरेच कंडक्टर रुबाबात चालवतात. मला त्याचीच लय बरोबर वाटते. हा माणूस १९१९पर्यंत क्वीन्स हॉलच्या वाद्यवृंदात व्हायोला (व्हायोलिनहून खालच्या सुरातलं मधलं वाद्य) वाजवत होता. सुरावटीच्या खाली मधली वाद्यं जे ठेके धरतात, ते त्याने चपळ लयीसाठीच लिहिलेत. लय खाली आणली की वरची सुरावट गोड होते आणि खालचं सगळं काम सुस्तावतं. नवीन ऐकणाऱ्याने सुरुवात जुन्या तबकड्यांपासूनच करावी.

मध्यलय
असहमत. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार ते साडेचार मिनिटं मावायची, दहा इंचीवर तीन-सव्वातीन. ‘नाइट्सब्रिज’ त्या काठावरच बसतो. मुद्रण थेट मेणावर, म्हणजे थांबणं नाही, कापून जोडणं नाही. त्यात आणखी एक अडचण असते. सुई लेबलाकडे सरकते तसा तिच्याखालून जाणाऱ्या चरीचा वेग कमी होत जातो, अगदी आत तर तो कडेच्या निम्म्याहूनही कमी भरतो. तिथे मोठा आवाज फाटतो. मार्चचा सगळ्यात दणदणीत भाग नेमका शेवटी येतो. म्हणून बाजू लवकर संपवणं रेकॉर्डिंगवाल्यांना हवंच असायचं. अशा सक्तीत घेतलेल्या लयीला ‘रचनाकाराची इच्छा’ म्हणणं घाईचं आहे.

सुईवाला
सक्तीच होती, तर ती उठल्यावर लय उतरायला हवी होती. १९५३मध्ये त्याने डेका या रेकॉर्ड कंपनीसाठी ‘द थ्री एलिझाबेथ्स’ (रचना १९४४) एलपीवर (जास्त वेळ चालणाऱ्या नव्या तबकडीवर) मुद्रित केलं. तिथे एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त जागा. तरी हात तितकाच चपळ. शिवाय त्याला नाचाची खरी आवड, डान्स बँडचे उलटे ठेके त्याच्या संगीतात मुरलेले आहेत. ते ठेके संथ लयीत पायाला जाणवतच नाहीत.

मध्यलय
एलपीचा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण चपळ लय आवडणं वेगळं आणि एका तबकडीवरची लय प्रमाण मानणं वेगळं. १९३०च्या दशकातल्या बाजूंना मी पुरावा म्हणेन, निकाल नाही.

काळी_चार
दोघांनाही विनंती, लयीवर बोलण्याआधी तबकडी योग्य वेगाने फिरते आहे का ते बघा. वेग चुकला की सूरही सरकतो. ७८ऐवजी ८०ने फिरवली तर वेग २.५६ टक्के वाढतो आणि सूर सुमारे ४४ सेंट (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर) चढतो, म्हणजे जवळजवळ अर्धा अर्धस्वर. साडेचार मिनिटांच्या मार्चमध्ये फरक मात्र जेमतेम सात सेकंदांचा. त्यामुळे दोन मुद्रणांत वीस सेकंदांचा फरक असेल, तर दोष मोटरचा नसतो. तो फरक कंडक्टरचा, नाहीतर काटछाट केलेल्या आवृत्तीचा.

वेग मोजायला आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ७७ पट्ट्यांची स्ट्रोब तबकडी लागते; लुकलुकत्या दिव्याखाली पट्ट्या स्थिर दिसल्या की वेग बरोबर (७७.९२ फेरे). चांगल्या एलईडी दिव्याखाली पट्ट्या स्थिर दिसतच नाहीत, कारण तो दिवा लुकलुकत नाही. निऑनचा दिवा वापरा. मग सूर ताडून बघा. त्यासाठी ग्लॉकनस्पील (धातूच्या पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य) पकडा. तंतुवाद्यं वर-खाली लावता येतात, त्याच्या धातूच्या पट्ट्या नाही.

खरखर_चालेल
लयीइतकाच घोळ आवाजाच्या रंगात होतो. एलपीसाठीच्या आरआयएए फोनोवर (मंद्र वाढवून तार कमी करणारा, एलपीच्या प्रमाणाचा अ‍ॅम्प्लिफायर) ही तबकडी लावतात आणि मग ‘वाद्यवृंद घुमतो’ म्हणून नावं ठेवतात. आरआयएएचा मंद्राचा टप्पा (ज्याच्या खाली मंद्र वाढवला जातो) ५०० हर्ट्झला आहे, त्या काळच्या इंग्रजी विद्युत मुद्रणांचा २५० ते ३००च्या आसपास. म्हणजे खाली पाच-सहा डेसिबल फुकटची भर आणि वर १० किलोहर्ट्झला १३.७ डेसिबलची नको असलेली काट. ट्रान्स्फर (तबकडीवरून फाइलमध्ये उतरवणं) सपाट, म्हणजे असा कुठलाही चढउतार न करता घ्या, त्या काळचा चढउताराचा वक्र नंतर लावा. सुई २.५ ते ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हवी. एलपीची बारीक सुई चरीच्या तळाशी जाऊन घाण उकरते. कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) स्टिरिओ असेल तर डावा-उजवा दोन्ही चॅनल मुद्रित करून मग एकत्र करा, सुईच्या वर-खाली हालचालीतून येणारी खरखर त्यात बरीच कटते.

धुताना अल्कोहोल अजिबात नको, लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटर आणि फोटोच्या वेटिंग एजंटचे (पाणी सारखं पसरवणारं द्रव्य) दोन थेंब पुरतात. पावसाळ्यात धरलेली बुरशी मऊ ब्रशने चरीच्या दिशेने काढा, लेबल कोरडं ठेवा.

मध्यलय
आणि मग सॉफ्टवेअरने खरखर काढून टाका. लाखेत भरलेली दगडाची भुकटीच ती खरखर करते, तिचा संगीताशी संबंध नाही. नवा श्रोता दहा सेकंदांत बंद करतो, हे नुकसान मोठं.

खरखर_चालेल
इथे मात्र ठाम विरोध. टकटक काढा, तीही ९६ किलोहर्ट्झच्या फाइलवर आणि खरखरीला हात लावण्याआधी. सतत येणारी खरखर सहा-आठ डेसिबलपर्यंतच उतरवा. वीस उतरवली की ग्लॉकनस्पीलची झणझण, झांजेची कडा आणि प्रत्येक स्वरामागची खोली पुसली जाते, तंतुवाद्यं पाण्याखाली गेल्यासारखी होतात. गंमत म्हणजे अशी घासलेली फाइल ऐकताना लयही जास्त घाईची वाटते, कारण दोन स्वरांमधली हवाच उरत नाही. मध्यलय, तुम्हाला ज्या बाजू घाईच्या वाटतात, त्यांचं ट्रान्स्फर कुठलं आहे ते एकदा सांगा.

मध्यलय
नेटवरचं, भरपूर घासलेलं. सपाट ट्रान्स्फर मिळालं तर ‘नाइट्सब्रिज’ पुन्हा ऐकेन. पण ‘बाय द स्लीपी लगून’बद्दल (१९३०) माझं मत बदलणार नाही. ते संथ वॉल्ट्झ (तीन ठेक्यांचं नाचसंगीत) आहे आणि त्याला मोकळा श्वास लागतो.

सुईवाला
तिथेही कोट्स रेंगाळत नाही, ऐकून बघा. फक्त बीबीसीच्या ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ या रेडिओ कार्यक्रमाच्या शीर्षकसंगीतातली त्याची फीत घेऊ नका. तिच्यातले समुद्रपक्षी कार्यक्रमासाठी वरून घातलेले आहेत, त्यांच्या आवाजाखाली सुरुवातीच्या तंतुवाद्यांची लय नीट कळत नाही.