मदत हवी आहे : मल्याळी ब्रदरला दोन महिन्यांत मराठी आणि वर्ग घेणं कसं शिकवू?

शुभदा_नाशिक

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, आज अडले म्हणून पहिला धागा काढतेय.

मी आठवी ते दहावीला 31 वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले. फेब्रुवारीत ओळखीच्या एका फादरांनी विचारलं, आमच्या एका ब्रदरला, म्हणजे फादर होण्यासाठी शिकत असलेल्या मुलाला, मराठी शिकवाल का? मी हो म्हणून बसले. त्यात काय, जन्म गेला मराठी शिकवण्यात. पण जिला मराठी येते तिला मराठी शिकवणं वेगळं आणि ज्याला ती येतच नाही त्याला शिकवणं वेगळं, हे आता साठी उलटल्यावर कळतंय.

ब्रदर 24 वर्षांचा, कोट्टयमकडचा. पुण्यात दोन वर्षं राहून तत्त्वज्ञान शिकला, पण सगळं इंग्रजीतून. दोन वर्षांची मराठी कमाई म्हणजे "किती झाले" आणि "सुट्टे नाहीत". त्यांच्याकडे पुढच्या धर्मशास्त्राच्या अभ्यासाआधी एक-दोन वर्षं कामावर पाठवतात, त्याला रीजन्सी म्हणतात. हा जूनमध्ये नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडे एका वसतिगृहात जाणार आहे. मुलांना सकाळी उठवण्यापासून रात्री दिवे मालवेपर्यंत सगळं त्याच्याकडे. शिवाय संध्याकाळी पाचवी ते सातवीचा अभ्यास घ्यायचा आणि रविवारी धर्मशिक्षणाचा तास. शाळा 15 जूनला उघडते. म्हणजे माझ्या हातात दोनच महिने उरलेत.

मुलगा कष्टाळू आहे. सकाळी साडेसातला सायकलवर हजर. मला "टीचर" म्हणतो, त्यांच्याकडे तसंच म्हणतात म्हणे. ळ आणि ण असे काही खणखणीत म्हणतो की माझ्या दहावीच्या पोरांनी ऐकावं. आम्ही आणि आपण यातला फरक समजवायला मी फळ्यावर चित्रं काढून ठेवली होती. त्याला एका वाक्यात कळलं, कारण मल्याळममध्येही ऐकणाऱ्याला धरून आणि ऐकणाऱ्याला वगळून असे दोन वेगळे शब्द आहेत.

गाडी अडते ती लिंगावर. मी गेलो, ती गेली, ते गेले या सगळ्यांना त्याच्याकडे एकच "पोयी". क्रियापद माणसाप्रमाणे बदलतच नाही, मग भाकरीप्रमाणे कसं बदलेल? "मी भाकरी खाल्लो", "मी गोष्ट सांगितलो". 'ने'चा नियम, म्हणजे 'त्याने भाकरी खाल्ली' यात क्रियापद भाकरीप्रमाणे चालतं हे, सांगितला की मान डोलावतो, वहीत बरोबर लिहितो, आणि तोंड उघडलं की पुन्हा खाल्लो. दुसरं, ख-घ-भ. घराचं गर होतं, भाताचा बात. आणि च. चहातला च आणि चाकातला च वेगळा हे मलाही आयुष्यात कधी कोणाला सांगावं लागलं नव्हतं.

तिसरी अडचण हिंदीची. शाळेत हिंदी होती, त्यामुळे देवनागरी येते हे चांगलं. पण परवा सराव पाठासाठी सोसायटीतली आठ-दहा पोरं गोळा केली होती, तर हा उभा राहून म्हणाला, "मुलांनो, मी तुम्हाला शिक्षा द्यायला आलो आहे." दोन पोरं चप्पल न घालता पळाली. मी नंतर अर्थ सांगितला तर कपाळावर हात मारून घेतला. मल्याळममध्येही शिक्षा म्हणजे शिक्षाच, हिंदीनेच त्याचा घात केला.

बरं, दर पंधरा दिवसांनी त्याच्या वरिष्ठांसमोर त्याचा एक पाठ होतो. त्यासाठी मी त्याच्याकडून बीएडच्या पद्धतीने पाठाचं टाचण करून घेते. उद्दिष्टं, प्रस्तावना, फलकलेखन, सगळं. तो ते पाठ करतो आणि रेल्वेच्या घोषणेसारखं म्हणून दाखवतो. मध्ये एखाद्या पोराने "म्हणजे काय?" विचारलं की संपलं. घाम पुसतो आणि परत पहिल्या ओळीपासून सुरू करतो.

माझे प्रश्न असे. लिंग आणि 'ने' तोंडात बसवायला काय करावं? मी बालभारतीचं पाचवीचं पुस्तक घेतलंय, ते बरोबर आहे का? मोठ्या माणसाला मराठी शिकवायचं काही चांगलं साहित्य आहे का? आणि धडगावकडच्या शाळांत कुणी काम केलं असेल तर कृपया लिहा, मी तिकडे कधी गेलेले नाही.

---

रायतूरकर

टीचर, धीर धरा. इंग्लंडचा फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात उतरला आणि त्याचं मराठीतलं ख्रिस्तपुराण छापून आलं 1616 साली, तिथल्याच आमच्या रायतूरला. मध्ये 37 वर्षं गेली. अकराएक हजार ओव्या लिहिल्या हे खरं, पण त्याच्या मागे 15 जून लागला नव्हता.

सोलापुरी_चादर

"मी भाकरी खाल्लो" यात चूक काय आहे ते कळलं नाही. आमच्याकडे मी काम केलो, मी चहा पिलो असंच चालतं. त्याला धडगावऐवजी सोलापूरला पाठवा, पहिल्या दिवसापासून गाववाला ठरेल.

स्पष्टवक्ता

म्हणजे धर्मांतराच्या कामाला तुमचा हातभारच की.

शुभदा_नाशिक

@स्पष्टवक्ता, हा प्रश्न माझ्या घरातही विचारून झालाय. मी रोज देवपूजा करणारी बाई आहे आणि पहिल्याच दिवशी त्याला सरळ विचारलं होतं. तो म्हणाला, माझं काम वसतिगृहातल्या मुलांचं आहे, आणि रविवारचा तास ख्रिस्ती घरांतल्या मुलांचा. मला तेवढं पुरलं, तुम्हाला पुरायलाच हवं असं नाही. वाद घालायचा तर वेगळा धागा काढा, तिथे येते. इथे मला 'ने' प्रत्ययाची काळजी आहे.

@सोलापुरी_चादर, त्याला वाचून दाखवलं. जाम खूश झाला. आता चूक दाखवली की "टीचर, सोलापूर" म्हणतो. हे काय करून ठेवलंत!

कोचीवासी_जोशी

बँकेच्या बदलीमुळे सहा वर्षं कोचीत आहे, म्हणजे मी तुमच्या ब्रदरच्या उलट्या बाजूला बसलोय.

सर्वांत आधी सारखे दिसणारे संस्कृत शब्द वेगळ्या वहीत काढा. ते फार दगा देतात. इथे चरित्रम् म्हणजे इतिहास. सम्मानम् म्हणजे बक्षीस. संसारम् म्हणजे बोलणं. शेजारच्या आजी "तुमच्याशी संसार करायला आवडतो" अशा अर्थाचं काहीतरी म्हणाल्या तेव्हा आमच्या हिने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. तुमचा ब्रदर कुठल्या तरी पालक सभेत "आईंशी थोडा संसार करायचा आहे" म्हणण्याआधी सावध करा.

ख-घ-भ साठी हातावर कागदाची पट्टी धरायला सांगा, तोंडापासून चार बोटांवर. बात म्हटलं तर पट्टी हलत नाही, भात म्हटलं की हलते. मल्याळम लिपीत ही अक्षरं आहेत, लिहितात बरोबर, पण रोजच्या बोलण्यात हवा गिळून टाकतात. कानाला सांगण्यापेक्षा डोळ्याला दाखवलं की पटकन जमतं.

शुभदा_नाशिक

अगंबाई, म्हणजे परवाचा उलगडा आता झाला! आमच्या सासूबाई 84 वर्षांच्या. तो निघताना पाया पडला आणि त्यांनी तोंडभर आशीर्वाद दिला, "देव तुझं कल्याण करो." ब्रदर कानापर्यंत लाल. मला वाटलं उन्हामुळे. आज विचारलं तर म्हणाला, आमच्याकडे कल्याणम् म्हणजे लग्न.

तापीकाठ

मॅडम, मी शहाद्याचा. धडगाव तालुक्यात डोंगरातल्या जिल्हा परिषद शाळेवर नऊ वर्षं होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. तिथल्या मुलांची घरची भाषा मराठी नाही. घरी पावरी, काही भागात भिलोरी. शहाद्याच्या बाजारात उतरलात की अहिराणी, "कसा शे भाऊ, कथा जाई राह्यना?" पुस्तकातली मराठी ही त्या पोरांनाही शाळेत आल्यावर भेटते. म्हणजे तुमचा ब्रदर आणि पाचवीतलं पोरगं एकाच बाकावर बसलेत, फक्त ब्रदरच्या हातात खडू आहे.

माझा पहिला आठवडा सांगतो. मी खानदेशातलाच, तरी वर्गात विचारलं, "सुट्टीत काय केलं?" चाळीस पोरं गप्प. मला वाटलं घाबरलीत. चौथ्या दिवशी खिडकीत शेळी येऊन उभी राहिली. मी तिच्याकडे बोट दाखवून एका पोराला विचारलं, तुमच्यात हिला काय म्हणता? त्याने सांगितलं. मी म्हणून पाहिलं, चुकलं, वर्ग हसला. परत म्हटलं, परत चुकलं. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी चार दिवस तोंड उघडत नव्हती, ती उठून माझ्याजवळ आली आणि ओठ कसे करायचे ते करून दाखवलं. त्या दिवसापासून फळ्याची उभी वाटणी केली, डावीकडे त्यांचा शब्द, उजवीकडे मराठी. डावीकडचा शब्द ते शिकवायचे, उजवीकडचा मी. वर्षाअखेर माझ्याकडे दोन वह्या भरल्या.

तेव्हा टाचण बाजूला ठेवा. ब्रदरला पाठ करायला दहाच वाक्यं द्या. हे काय आहे? परत सांग. हळू सांग. तुमच्यात याला काय म्हणतात? मला समजलं नाही, दाखव. कोणाला येतं? अशी. यांवर अख्खा तास निघतो, आणि मध्ये कोणी प्रश्न विचारला तरी गाडी रुळावरून घसरत नाही, कारण रूळच नाहीत.

वसतिगृहातली मराठी वेगळी असते तीही शिकवा. अंथरूण घडी कर, बादली भर, नखं दाखव, ताप आहे का, पोटात कुठे दुखतं, घरून निरोप आलाय. दिवाळीनंतर बरेच आईबाप ऊसतोडीला किंवा गुजरातकडे कामाला जातात, पोरं रात्री रडतात. त्या वेळेला उद्दिष्टं आणि प्रस्तावना कामाला येत नाहीत. आणि होळीला एक पोरगं जागेवर थांबणार नाही, त्याने रागवू नये, स्वतःही सोबत जावं.

फलटणची_मीरा

साहित्याबद्दल. मॅक्सिन बर्नसन आणि जाई निंबकर यांनी अमराठी प्रौढांसाठी इंग्रजीतून पुस्तकं केली आहेत. त्यातलं मराठीचं संदर्भ व्याकरण 1975 चं आहे. जुन्या ग्रंथालयात मिळेल. 'ने' आणि सामान्यरूप त्यात बाहेरच्या माणसाच्या नजरेने मांडलंय, आपल्या शालेय व्याकरणात तसं नसतं. मॅक्सिनबाई स्वतः अमेरिकेतून आलेल्या, फलटणला राहिल्या आणि इथे शाळा काढून मुलांना मराठी वाचायला शिकवलं. म्हणजे तुमच्या ब्रदरची दोन्ही दुखणी त्यांनी स्वतः काढली होती.

पाचवीचं पुस्तक आत्ता नको. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत, पहिली-दुसरीची उतरवून घ्या. लिंगासाठी नाम कधीही एकटं देऊ नका. भाकरी नाही, गरम भाकरी खाल्ली. ताट नाही, ताट धुतलं. भात नाही, भात संपला. जोडीनेच तोंडात बसू द्या, नियम मागाहून आपोआप कळतो.

आणि त्याला स्वयंपाकघरात बसवा हो. टेबल-खुर्चीवर भाषा येत नाही.

शुभदा_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितेय.

टेबल आवरलं. ब्रदर आता ओट्यापाशी स्टुलावर बसतो आणि कामाला येणाऱ्या मावशींशी बोलतो. आधी त्यांना "तू" म्हणायचा आणि पोरांना "तुम्ही", ते मावशींनीच सरळ केलं. "मी काय तुझ्या वर्गात आहे का रे?" एवढंच म्हणाल्या. मी दोन आठवडे आदरार्थी बहुवचन समजावत होते.

काल पोळी करपली. तो आपणहून म्हणाला, "पोळी करपली." मग थोडा वेळ थांबून, "मी करपवली." मी काही बोलले नाही, पण 'करपवलो' म्हणाला नाही हे लिहून ठेवलंय.

काल संध्याकाळी दहा वाक्यांवर सराव पाठ घेतला. आमच्या सोसायटीतलं एक कुटुंब बिहारकडचं आहे, त्यांची सातवीतली पोर इतके दिवस मागे बसायची. ब्रदरने छत्री दाखवून तिला विचारलं, तुमच्यात याला काय म्हणतात? ती म्हणाली, छाता. मग कोणी छत्री, कोणी अंब्रेला, आणि ब्रदर म्हणाला, आमच्यात कुडा. तर पोरांनी त्याला घेरून पंधरा मिनिटं मल्याळम शब्द विचारले. पाठाचा विषय पाऊस होता, तो राहिलाच. वरिष्ठांनी वहीत काय शेरा लिहिलाय ते अजून कळलेलं नाही.

@तापीकाठ, एक शेवटचं. जूनमध्ये जाताना त्याने काय काय न्यावं?

तापीकाठ

गमबूट, चांगला टॉर्च, तापाच्या गोळ्या. आणि कोऱ्या वह्या न्यायला सांगा, डझनभर. तिकडे पावसात कागद ओले होतात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्या म्हणावं. शहाद्याला उतरला की फोन करायला सांगा, बाजारातून धडगावच्या गाडीत मी बसवून देतो.