ऑडी टीटीला १९ इंची रिम, ईटी ३५: बसेल का?

जळगावचा टीटीवाला

राम राम मंडळी. माझ्याकडे २०१२ची ऑडी टीटी आहे, २.० टीएफएसआय क्वात्रो (टर्बो पेट्रोल, चारही चाकांना ताकद), सेकंडहँड घेतलेली. कंपनीच्या रिम १८×९ (व्यास×रुंदी, इंचात), ईटी ५२ (चाक किती आत-बाहेर बसतं तो आकडा), टायर २४५/४० आर१८ (रुंदी २४५ मिमी, भिंत तिच्या ४० टक्के). टायर बदलायला आलेत, म्हटलं रिमपण बदलून टाकू. पुण्यात एका दुकानात १९×९.५, ईटी ३५चा सेट मनात भरलाय. पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ५×११२, मधलं भोक ६६.६. दुकानदार म्हणतो, "पीसीडी जुळला ना, मग बसलीच समजा." मला मडगार्डला हात लावायचा नाही आणि स्टिअरिंगची मजाही घालवायची नाही. गाडी जळगावात फिरते, कामानिमित्त धुळ्याला जाते, आणि रविवारी पहाटे अजिंठ्याच्या बाजूला एक चक्कर. पैसे भरू का?

भुसावळकर

भाऊ, गाडी भारी शे! १९ इंचीत टीटी काय दिसते! मडगार्डची आतली कड दुमडून घे, बसून जाईल. स्टॅन्स (गाडी उभी दिसायचा रुबाब) पण मस्त येईल.

धुळ्याचा अलाइनमेंटवाला

पैसे भरू नकोस. आधी पाच मिनिटं कागद-पेन घे.

पीसीडी जुळला म्हणजे फक्त बोल्टची भोकं जुळली. चाक मडगार्डखाली नेमकं कुठे उभं राहणार, ते रुंदी आणि ईटी ठरवतात. रिमच्या रुंदीची मध्यरेषा धर. हबला (गाडीचा तो भाग, ज्यावर चाक बोल्टने बसतं) टेकणारी बाजू त्या रेषेपासून बाहेरच्या अंगाला किती मिलिमीटर आहे, तो आकडा म्हणजे ईटी. आकडा मोठा तितकं चाक आत, लहान तितकं बाहेर.

तुझी आत्ताची रिम: ९ इंच म्हणजे २२८.६ मिमी, निम्मे ११४.३. हबपासून आत ११४.३ + ५२ = १६६.३, बाहेर ११४.३ − ५२ = ६२.३. नवी रिम: ९.५ इंच म्हणजे २४१.३, निम्मे १२०.६५. आत १२०.६५ + ३५ = १५५.६५, बाहेर १२०.६५ − ३५ = ८५.६५. (रिमच्या ओठाची जाडी यात धरलेली नाही, पण वजाबाकीत ती जवळपास कटते.) म्हणजे आत साधारण ११ मिमी जागा मोकळी होते आणि बाहेर २३ मिमीपेक्षा जास्त येतं. भुसावळकर भाऊ, राग मानू नका, पण कड दुमडून जेमतेम काही मिलिमीटर मिळतात. २३ नाही मिळत.

आणि घासण्यापेक्षा मला स्टिअरिंगची काळजी जास्त वाटते. ईटी ५२वरून ३५वर आलास की टायरचा मध्य १७ मिमी बाहेर सरकतो. स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे मिळतो तिथून टायरचा मध्य किती लांब, हे अंतर कंपनीने विचार करून ठेवलेलं असतं. ते बिघडलं की एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं रे गेलं, स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं होतं. एक चाक डांबरावर, एक साइडपट्टीच्या मुरमावर असताना ब्रेक मारला तर आणखीच. बेअरिंगवरचा ताण वाढतो तो वेगळा. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचा रस्ता लाटांसारखा होतो. चौपदरीवर हे जाणवणार नाही. गावात उतरलास की पहिल्याच मैलात कळेल.

१९च हवी असेल तर या टीटीला १९×९, ईटी ५२ आणि २५५/३५ आर१९ हे कंपनीचंच माप आहे. व्यास ६६१ मिमी, तुझ्या आत्ताच्या ६५३च्या जवळ, म्हणजे स्पीडोमीटरही फारसा हलत नाही. पण टायरची भिंत ९८ मिमीची ८९ होते. ते ९ मिमी रिम वाकण्यापासून वाचवणारे आहेत. माझ्याकडे सरळ करायला येणाऱ्या रिम बहुतेक आतल्या कडेला वाकलेल्या असतात, बाहेरून काही दिसत नाही. मालक म्हणतो ८०च्या पुढे गाडी थरथरते. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक फिरवलं की कड डुलताना दिसते. म्हणून माझं मत १८. पुढे-मागे चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले ठेव, क्वात्रोला व्यासातला फरक चालत नाही.

कुठलीही रिम घेण्याआधी एकच रिम टायरसह लावून बघ. डिकीत सिमेंटच्या दोन गोण्या टाक, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरव. मडगार्डच्या आतल्या कडेला खडू फास आणि गाडी गतिरोधकावरून तिरपी काढ. खडू टायरवर उमटला की विषय संपला. दुकानदार एवढं करू देत नसेल तर तिथून घेऊच नकोस.

जळगावचा टीटीवाला

काका, मनापासून आभार. पुण्याचा सेट रद्द. आता दुसरं विचारतो: इथेच ए४च्या, म्हणजे २००८नंतरच्या ८के मॉडेलच्या, मूळ रिम मिळतायत. १८×८, ईटी ४७, भोक ६६.५. माझे २४५/४० चालतील? आणि भोकाचं काय?

धुळ्याचा अलाइनमेंटवाला

हा सौदा चांगला आहे. तसाच हिशेब: ८ इंच म्हणजे २०३.२, निम्मे १०१.६. आत १४८.६, बाहेर ५४.६. म्हणजे दोन्ही बाजूंनी आत्तापेक्षा जागा जास्तच. बाहेरून चाक ८ मिमीच्या आसपास आत बसेल, दिसायला किंचित दबलेलं. घासण्याचा प्रश्न नाही. २४५/४० आर१८ला ८ इंची रिम चालते, त्या टायरला लागणारी ती किमान रुंदी आहे. ए४ टीटीपेक्षा जड गाडी, त्यामुळे रिमच्या भारक्षमतेची चिंता नको.

भोकाचं मात्र मनावर घे. तुझा हब ५७.१, रिम ६६.५. मधे रिंग लागेलच, नाहीतर चाक फक्त बोल्टवर मध्यात धरलं जाईल आणि वेगात थरथर येईल. प्लास्टिकची घेऊ नकोस. कन्नड घाट उतरून आलास की हब किती तापतो ते हात जवळ नेऊन बघ, त्यात आपल्याकडचा मे महिना. ॲल्युमिनियमची घे आणि बसवताना ग्रीसचा पातळ हात दे, म्हणजे पुढच्या वेळी निघेल.

बोल्ट तुझे जुनेच वापर. कंपनीच्या ऑडी रिमला गोल बूड असलेले बोल्ट लागतात, एम१४×१.५. बाजारातल्या बऱ्याच रिमना निमुळत्या बुडाचे लागतात, आणि दुकानात दोन्ही एकाच डब्यात पडलेले असतात. निमुळता बोल्ट गोल बैठकीत घातला तर एका बारीक कडेवरच टेकतो. घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि चालता चालता सैल होतो. म्हणून एक बोल्ट हातात घेऊन बूड बघ, मग लाव. हाताने सगळे बसव, चाक जमिनीवर टेकव, मग टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटर, ताऱ्यासारखे समोरासमोर. बोल्ट आवळायच्या हवेच्या बंदुकीने कुणाला लावू देऊ नकोस. ५०-१०० किलोमीटर झाले की परत एकदा पाना लाव.

हवा सकाळी टायर थंड असतानाच तपास. दर ५-६ अंशांना साधारण १ पीएसआय चढते, आपल्याकडे दुपारी तपासून कमी केलीस तर पहाटे अजिंठ्याला निघताना टायर बसलेले मिळतील.

भुसावळकर

काका, माझ्या पोलोचा पण हिशेब करून द्या ना. १६×७, ईटी ३८ घेणार होतो.

धुळ्याचा अलाइनमेंटवाला

पोलोचा पीसीडी ५×१००, रिमचा काय आहे ते आधी वाचून सांग. आणि आत्ताच्या रिमच्या आतल्या बाजूला रुंदी आणि ईटी कोरलेले असतात, त्याचा फोटो टाक. मग करू.