न्यू ऑर्लिन्स: आईबाबांसोबत चार दिवस, काय बघावं, काय खावं?

सांगलीकर ह्यूस्टनात:
मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गाडीने न्यू ऑर्लिन्सला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, सात वर्षांची लेक आणि सांगलीहून आलेले आईबाबा. बाबा सगळं खातात, तिथल्या कोळंबीसाठी आत्तापासून बाह्या सरसावून बसलेत. आई शाकाहारी. केकमधलं अंडं चालतं, दिसलेलं चालत नाही. गुडघेही दुखतात तिचे. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेणारच आहोत, पण चार दिवस तिला त्यावरच ठेवणं जिवावर येतं. हॉटेल बूर्बन स्ट्रीटवर घ्यावं का? सगळे तेच नाव सांगतात.

रमतगमत:
बूर्बन स्ट्रीटवर हॉटेल मुळीच घेऊ नका. रात्री उशिरापर्यंत धिंगाणा असतो आणि सकाळी रस्त्याला जो वास येतो तो आईंना पहिल्याच दिवशी परत जायला लावेल. संध्याकाळी एक फेरी मारा, बास. जॅझ ऐकायचं तर फ्रेंचमन स्ट्रीट, नाहीतर प्रिझर्व्हेशन हॉल. तो १९६१ पासून चालू आहे. बसायला साधी बाकं, कार्यक्रम तासाभराच्या आत आटोपतो, लेकीला झेपेल.

राहायला सेंट चार्ल्स ॲव्हेन्यूवर ट्रामच्या वाटेला घ्या. ही लाइन १८३५ पासूनची आणि हिरवे डबे १९२० च्या दशकातले. लाकडी बाकं, एसी नाही, खिडक्या उघड्या. आईंना खिडकीत बसवलंत की अर्धं शहर बसल्याजागी बघून होतं. मोठमोठे ओक, जुने वाडे. मार्डी ग्रा हा इथला मिरवणुकांचा मोठा सण होऊन गेलेला असेल, तेव्हा फांद्यांवर मण्यांच्या माळा लोंबताना दिसतील. फक्त चढायच्या पायऱ्या उंच आहेत, दोघांनी हात द्या. कॅनाल स्ट्रीटच्या लाल ट्राममध्ये चढणं सोपं पडतं.

मालवणची लेक:
नऊ वर्षं तिथे काढली आहेत, त्यामुळे खाण्याचं मी सांगते.

गंबो म्हणजे इथला भाताबरोबरचा दाट रस्सा. त्यात आधी रू. लाडवाला बेसन भाजतो तसा मैदा तेलात भाजायचा. आपण खमंग वास सुटला की गॅस बंद करतो, ही मंडळी तिथून पुढे पार चॉकलेटच्या रंगापर्यंत नेतात. हात थांबला की करपला, मग सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून. त्यात कांदा, सेलरी, ढोबळी मिरची. पुढे कोणी भेंडी घालतं, कोणी सासाफ्रासच्या पानांची पूड. ती पूड इथल्या मूळच्या चोक्टॉ लोकांकडून आली. भेंडी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर आली आणि गंबो हा शब्दही तिकडचा, भेंडीचाच. बाबांना हे सांगून मग वाटी पुढे ठेवा.

आता आईंचं. ‘शाकाहारी आहे का’ असं विचारून भागत नाही. सासूबाई आल्या होत्या तेव्हा एका ठिकाणी राजमा-भात मागवला (इथे तो सोमवारी करतात, जुन्या काळी तो धुण्याचा वार, शेगडीवर एकीकडे शिजत राहायचा). दुसऱ्याच चमच्याला सॉसेजची चकती वर आली. वेटर म्हणाला, “मांस नाही हो, चवीपुरतं सॉसेज आहे!” सासूबाईंनी पुढे दोन दिवस फक्त केळी खाल्ली. म्हणून नेमकं विचारा: स्टॉक कशाचा, हॅम किंवा सॉसेज आहे का, तळणीचं तेल वेगळं आहे का. हिरव्या शेंगांच्या भाजीतही बेकन निघतो.

ग्रिट्स म्हणजे मक्याचा सैलसर उपमाच, साधे लोणी घातलेले मागा. शिवाय १९७५ नंतर इथे खूप व्हिएतनामी कुटुंबं आली, त्यांच्या बेकऱ्यांत टोफूचा ‘बान्ह मी’ (त्यांचं लांबट पावाचं सँडविच) मिळतो. आईंचं जेवण मी तिथेच धरीन.

आनंदी कावळा:
बाबांसाठी मार्च म्हणजे क्रॉफिशचा (गोड्या पाण्यातली छोटी शेवंडच म्हणा) ऐन हंगाम! कागद अंथरलेल्या टेबलावर ढीग ओततात. शेपटी पिळून काढायची, डोकं चोखायचं. खेकडे खाणाऱ्याला शिकवायला नको. त्यातले मका-बटाटे आईंना देऊ नका, सगळं एकाच पाण्यात उकडतात.

पो-बॉयही खाऊ घाला, तळलेल्या कालवांचा. १९२९ च्या ट्राम संपात संपकऱ्यांना हे सँडविच फुकट द्यायचे, त्या ‘पुअर बॉय’ म्हणजे गरीब पोरांवरून हे नाव पडलं म्हणतात. लेकीसाठी स्नोबॉल: आपला बर्फाचा गोळाच, पण बर्फ रव्यासारखा बारीक. हॅन्सन्सचं दुकान १९३९ पासूनचं आहे, हंगामापुरतंच उघडतं, वेळ बघून जा.

पायपीट:
सगळे खाण्यावरच बोलताय. नदीकाठचे मळे बघायला जाणार असाल तर व्हिटनीला जा, गाडीने तासभर. बाकी बऱ्याच ठिकाणी मालकाच्या हवेलीतली झुंबरं दाखवतात. इथे राबणाऱ्या गुलामांच्या झोपड्या आणि त्यांची नावं आधी. ऊन असतं, चालणं आहे, गुडघ्यांचा विचार करा. तेवढं जमत नसेल तर आर्मस्ट्राँग पार्कमधला काँगो स्क्वेअर. रविवारी गुलामांना तिथे जमायची, नाचायची मुभा असे.

रमतगमत:
@पायपीट, बरोबर, पण सात वर्षांच्या मुलीला व्हिटनी जड जाईल. एकाने मागे थांबा आणि नदीवरच्या फेरीबोटीने तिला पलीकडे अल्जिअर्सला फिरवून आणा.

सांगलीकर ह्यूस्टनात:
काल परतलो. सगळ्यांचे मनापासून आभार!

बाबांनी क्रॉफिशचे दोन ढीग संपवले आणि म्हणाले, “चव आहे, पण आपल्या खेकड्याएवढं मांस नाही.” गंबो मात्र तीनदा मागवला. व्हिटनीला मी आणि बाबा गेलो. परतीच्या वाटेवर ते फारसं बोलले नाहीत. आईला टोफूचा बान्ह मी इतका आवडला की तिसऱ्या दिवशी तिनेच वाट सांगितली. दशम्या शेवटी आम्ही खाल्ल्या.

कॅफे दु माँदला जाणाऱ्यांनो, बेन्ये (पिठीसाखरेत बुडालेले तळलेले वडेच) तोंडाशी नेताना श्वास रोखा. लेक नेमकी तेव्हाच हसली आणि बाबांचा काळा शर्ट पिठीसाखरेने पांढरा झाला. आईने कॉफीचा एक घोट घेतला आणि म्हणाली, “अगं, यात चिकोरी आहे.” आता दोन डबे सांगलीला निघालेत. आज घरी करून बघितली, साध्या गाळणीने तळाशी गाळ राहतोय. आपला मद्रासी फिल्टर चालेल का?

मालवणची लेक:
चालेल. दूध चांगलं कडक तापवा आणि निम्मं-निम्मं घाला.